साखर उतरली त्याचा मलिदा

माझी बायको जोकबेद हिची साखर आटोक्यात आली नव्हती, तिची भूक गेली होती, हे आम्हाला एका मंगळवारी दुपारी कळलं. डॉक्टरांनी टेबलावर दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले होते. एक रक्ताचा, तो चांगला होता. दुसरा पोटात दुर्बीण घालून आणि स्कॅन करून काढलेला, तो चांगला नव्हता.

"जेवण कधीपासून कमी आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "पथ्य पाळते ती. भात सोडलाय. रात्री नुसतं सूप घेते."

"सोडलाय, की जात नाही?"

"जात नाही," जोकबेद म्हणाली.

हे ती मला कधी म्हणाली नव्हती. तिलाही ते त्या खुर्चीत बसल्यावर, कोणी नीट विचारल्यावर कळलं असावं. डॉक्टरांनी मग सगळं सांगितलं. जठरात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. साखर उतरली ती पोटात काही जात नव्हतं म्हणून. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. औषधं देऊ, त्रास कमी करू म्हणाले.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. औषधांच्या दुकानात गर्दी होती म्हणून मी नंबर लावला नाही. बाकावर कोणीतरी पेपर टाकून गेलं होतं. जोकबेदने सवयीने अर्थविषयक पान काढलं. बँकांची बुडीत कर्जं कित्येक वर्षांत नव्हती इतकी खाली आली, अशी बातमी होती. तिने ती पूर्ण वाचली आणि पेपर घडी करून ठेवला.

"दुसऱ्या कोणाचं असतं तर मी पहिल्यांदा हेच विचारलं असतं," ती म्हणाली.

"काय?"

"आकडा का उतरला."

मग आम्ही रिक्षाने सुकापूरला घरी आलो. मी चहा केला. तिने दोन घोट घेतले.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझं गाव पाताळगंगेवरचं आपटा, म्हणून आडनाव आपटेकर. माझी नोकरी रसायनीला रंगाच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये झाली. जोकबेद बँकेत होती, धंद्याच्या कर्जांच्या विभागात. कंपन्यांचे अर्ज तिच्याकडे यायचे. कोणाला द्यायचं, किती द्यायचं, कशावर द्यायचं, हे ती ठरवून वर पाठवायची. निवृत्त झाल्यावर तिचं काम सुटलं पण लक्ष सुटलं नाही. कोणत्या धंद्याकडे किती कर्ज गेलं याचे आकडे रिझर्व्ह बँक दर महिन्याला काढते. ते आले की ती चष्मा लावून मोबाईलवर बसायची. मी भाजी चिरत असायचो, आणि ती मला ऐकवायची.

मला त्यातलं सगळं कळत नसे. पण इतकी वर्षं ऐकून थोडं कळू लागलं होतं. ती म्हणायची, देशाचं कसं चाललंय हे बघायचं तर शेअर बाजार बघू नये. कंपन्या कर्ज किती घेतायत आणि कशासाठी घेतायत ते बघावं. एखादा कारखानदार मशीनसाठी कर्ज काढतो, म्हणजे त्याला पाच वर्षांनंतरचं गिऱ्हाईक दिसतंय. जुनं कर्ज फेडायला नवीन काढतो, म्हणजे त्याला उद्याचा दिवससुद्धा दिसत नाही. आणि कोणीच काढत नसेल, तर सगळ्यांच्या वह्या स्वच्छ दिसतात आणि आतून सगळे घाबरलेले असतात.

"मग स्वच्छ वही वाईट?" मी एकदा विचारलं होतं.

"वाईट नाही. पण कशी स्वच्छ झाली ते विचारायचं. मधे एक काळ होता, कंपन्यांनी भसाभस घेतलं. रस्ते, वीज, पोलाद. आम्हीही दिलं. ते सगळं अंगाशी आलं. आता ताप उतरलाय हे खरं. पण ताप उतरल्यावर माणूस जेवायला मागतो. हे मागत नाहीत."

"बँका तर कर्ज देतच असतात. मला रोज फोन येतो."

"तुम्हाला येतो, अहो. टीव्हीसाठी, लग्नासाठी, सोन्यावर. ते देशाचं जेवण नाही, ते चणे-फुटाणे आहेत."

असं आमचं बोलणं चालायचं.

आता मलिद्याचं सांगतो. आमच्यात एखादी इच्छा पुरी झाली की एलियाहू हनावी या आमच्या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. पोहे भिजवायचे, त्यात ओला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा घालायचा, भोवती फळं मांडायची, आणि दहा माणसं जमवून प्रार्थना म्हणायची. कोणी परीक्षेसाठी नवस बोलतो, कोणी मुलासाठी. जोकबेदने आदल्या वर्षी साखरेसाठी बोललं होतं. डोळ्यांवर परिणाम होईल असं डॉक्टरांनी घाबरवलं होतं तेव्हा. फेब्रुवारीत तिचा रिपोर्ट पहिल्यांदा एकदम नॉर्मल आला, एक गोळी बंद झाली, आणि आम्ही घरी मलिदा ठेवला.

पनवेलमध्ये आता आमची थोडी घरं राहिली आहेत. पेण आणि ठाण्याहून माणसं बोलवावी लागली. शेजारच्या पद्मजाताई नारळ खवायला आल्या होत्या.

"साखर उतरली म्हणून परातभर साखर," त्या म्हणाल्या. "तुमचा देव गमतीशीर आहे हो."

"देवाला डायबेटिस नाही," जोकबेद म्हणाली.

"पण काय बारीक झालात. मला सांगा काय करता ते. मी वर्षभर चालतेय, एक किलो हलत नाही."

"काही नाही करत. कमी खाते."

"कसं जमतं बाई."

तेवढ्यात चारुदत्त आला. त्याची तळोज्याला रबराच्या सीलची फॅक्टरी आहे, पंपात बसतात ती सील. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्याकडे भाड्याचा गाळा आणि एक जुनं मशीन होतं, तेव्हा त्याचं पहिलं कर्ज जोकबेदने मंजूर करून घेतलं होतं. तेव्हापासून तो वर्षातून तीन-चारदा घरी येतो. तिला मॅडम म्हणतो, मला काका. हातात पेढ्यांचा बॉक्स होता. प्रार्थनेला डोकं झाकायचं म्हणून त्याने खिशातला रुमाल डोक्याला बांधला.

"मॅडम, तुमची पार्टी आहेच, माझीपण करून टाकतो," तो म्हणाला. "शेवटचा हप्ता फेडला. आता कंपनीवर एक रुपयाचं कर्ज नाही. बँकेचं पत्र फ्रेम करून केबिनमध्ये लावलंय."

"फ्रेम?"

"काचेची."

"मग आता नवीन कधी काढतोस?"

सगळे हसले. चारुदत्तही हसला. "देवाच्या कार्याला तरी कर्जाचं नाव नका घेऊ."

"मशीन किती वर्षांची झाली?"

"चालतायत की."

"माझे गुडघेपण चालतायत. ऑर्डर परत पाठवतोस की नाही? खरं सांग."

"पाठवतो एखादी."

"मागची जागा मोकळीच आहे ना?"

"आहे. ट्रक लावतो तिथे."

"चारुदत्त, तुझी भूक मेलीये आणि तू पेढे वाटतोयस," ती म्हणाली.

हे तिने मस्करीत म्हटलं. प्रार्थना झाली, गाणं झालं, मलिदा वाटला. तिच्या बशीत मी नेहमीएवढा वाढला होता. तिने चिमूटभर तोंडात टाकला आणि बशी माझ्याकडे सरकवली. मी तिचा वाटा खाल्ला. नारळ ताजा होता, चांगला झाला होता.

नंतर त्या मंगळवारी कळलं.

घरी बसून काय करायचं हा प्रश्न होता. मुलगी निरीत इस्राएलला अश्दोदमध्ये असते. ती यायला निघाली होती, जोकबेदनेच थांबवलं, म्हणाली जुलैत ये, मुलांची शाळा बुडवू नको. औषधांनी काही दिवस तिला बरं वाटलं. त्या दिवसांत तिने चारुदत्तचा पिच्छा पुरवला. मला वाटलं होतं ती आता निरीतबद्दल बोलेल, घराबद्दल बोलेल. पण ती रोज त्याने मागच्या जागेत बांधायच्या नव्या शेडबद्दल बोलायची. त्याला फोन करून आकडे मागवायची. कोणत्या पंपवाल्याने किती माल मागितला, किती परत गेला, सील दाबून काढायची नवीन प्रेस केवढ्याची.

तो एकदा वैतागला. फोन स्पीकरवर होता म्हणून मी ऐकलं.

"मॅडम, सगळे थांबलेत. माझे गिऱ्हाईकच थांबलेत. तेसुद्धा जुन्या मशीनवर ओढतायत. मी एकटा कशाला उडी मारू?"

"ते का थांबलेत?"

"बाकीचे थांबलेत म्हणून."

"आणि बाकीचे?"

"तेही त्याच कारणाने."

"हेच तर मी सांगतेय," ती म्हणाली. "कोणीतरी आधी जेवायला बसावं लागतं."

मे महिन्यात एके दिवशी तिने गाडी बोलवायला लावली. आम्ही तळोज्याला गेलो. शेडच्या मागे चारुदत्तने प्लास्टिकची खुर्ची ठेवली, वर छत्री धरायला माणूस दिला. तिने समोर उभं राहून, म्हणजे बसूनच, नवीन शेडची आखणी करून घेतली. मजुरांनी दोरी लावून चुन्याची फक्की मारली. चार रेघा, मधे प्रेसच्या पायाचा चौकोन. तिला घाम आला होता. चारुदत्त तिच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला.

"झालं का समाधान?" तो म्हणाला.

"रेघांनी काय होतंय. कर्ज काढतोस का?"

"काढतो मॅडम."

"शब्द?"

"शब्द."

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. जून गेला, निरीत आली, जुलैत जोकबेदचं जेवण संपलं, पाणीही चमच्याने द्यावं लागायचं. ऑगस्टमध्ये ती गेली. सकाळी गेली. मी तिच्या पायांना तेल लावत होतो, निरीत न्हाणीघरात होती.

दफन त्याच दिवशी झालं. नंतरचे सात दिवस आम्ही खाली चटईवर बसलो. प्रार्थनेला आमच्यातले दहा पुरुष लागतात. दुसऱ्या संध्याकाळी नऊच होते, दहावा खोपोलीहून निघाला होता आणि रस्त्यात अडकला होता. चारुदत्त भिंतीला टेकून बसला होता, डोक्याला रुमाल.

"काका, मी आहे की," तो हळूच म्हणाला.

"तुला दहात धरता येत नाही रे."

"बरं. बसतो नुसता."

दहावा आला तेव्हा अंधार पडला होता. तोवर चारुदत्त बसून होता.

निरीत महिनाभर राहिली आणि गेली. तिने मला बरोबर चला म्हटलं. मी नंतर बघू म्हटलं. आता ती रोज संध्याकाळी फोन करते आणि पहिला प्रश्न विचारते, "पप्पा, काय जेवलात?" मी वरण-भात म्हणतो. कधी तो खाल्लेला असतो. पद्मजाताई डबा पाठवतात. मला चव लागते, कडू-गोड कळतं. बाकी काही होत नाही. लोक म्हणाले रडून घ्या. मी बसून बघितलं, आलं नाही.

दिवाळीनंतर चारुदत्तचा फोन आला. काका, तळोज्याला या, गाडी पाठवतो म्हणाला. मला वाटलं पायाचा दगड वगैरे बसवणार असेल. मी इस्त्रीचा शर्ट घातला.

फॅक्टरीत गेलो तर मशीन चालू होती. केबिनच्या भिंतीवर काचेची फ्रेम तशीच होती. त्याने चहा मागवला, मग म्हणाला चला मागे जाऊ. मागे जाताना फिनिशिंगच्या टेबलावरच्या एका बाईने मला ओळखलं. चंद्रावती नाव, ओवे गावची. सीलच्या कडा कापत बसली होती.

"काका, बाई गेल्या ना तुमच्या," ती म्हणाली. "आमाला नंतर कललं. त्या दिवशी खुर्चीत बसलेल्या, मी पानी दिलेलं त्यास्नी. एक घोट घेतला नुसता."

"हो," मी म्हणालो.

"नवीन शेड होनार हाय ना? बाई बोललेल्या, बायकांना घेनार हाय म्हनून. माझ्या सुनंला लावायचं हाय. ती घरीच हाय."

मी चारुदत्तकडे बघितलं. तो पुढे निघून गेला होता.

मागच्या मोकळ्या जागेत एक ट्रक उभा होता, बाजूला लाकडी पॅलेट रचून ठेवले होते. एका कडेला चुन्याची रेघ थोडी दिसत होती, वीतभर. बाकी टायरांनी आणि पावसाने गेली होती. ती खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती, तिच्यावर कोणीतरी पोती टाकली होती.

"काका, बसा," तो म्हणाला आणि पोती काढू लागला.

"नको. उभा राहतो."

तो ट्रकच्या चाकाकडे बघत बोलू लागला.

"मी अर्ज केला. बँकेने लगेच मंजूर केला. त्यांना तर कंपन्या मिळतच नाहीत कर्ज घ्यायला, मॅनेजर स्वतः येऊन बसला. मंजुरी या महिनाअखेरपर्यंत आहे. सही केली नाही तर संपली."

"मग?"

"मला सही होत नाही. दोनदा गेलो, चहा पिऊन परत आलो. काका, मी तुमच्याशी खोटं बोलत नाही. त्या दिवशी मॅडम या खुर्चीत बसल्या होत्या. हात असे काडीसारखे झाले होते त्यांचे. त्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हटलं, त्यांना बरं वाटावं म्हणून."

"तिला वाटलं बरं."

"ते ठीक. पण शब्द दिला ना मी. शेड बांधली आणि माल गेला नाही तर साठ माणसांचं पोट आहे माझ्यावर. आज मी झोपतो तरी. बायको म्हणते, देवाने मोकळं केलंय, कशाला परत मान अडकवतोस. आणि नाही बांधली तर रोज इथून जाताना ही खुर्ची दिसते."

"खुर्ची हलव."

तो हसला, थोडाच. "तुम्ही सांगा काका. तुम्ही म्हणालात, चारुदत्त, तू मोकळा आहेस, तर मी आज पत्र परत करतो. तुम्ही म्हणालात घे, तर उद्या सही करतो, मागे बघणार नाही. पण तुम्ही म्हणा. मॅडमना विचारता येत नाही. त्यांच्याकडून बोलू शकेल असं दुसरं कोण आहे?"

शेडमधून प्रेसचा आवाज येत होता. वास रबराचा होता, तो घशात बसतो. मी म्हणालो,

"घरी विचारून सांगतो."

चाळीस वर्षं मी हे म्हणत आलो. विमा असो, फ्रीज असो, निरीतचं लग्न असो. तोंडातून गेल्यावर मला कळलं. चारुदत्तलाही कळलं. त्याने मान खाली घातली आणि बुटाने जमिनीवरची वीतभर फक्की थोडी पुसली, मुद्दाम नाही, पाय हलला म्हणून.

"हो काका," तो म्हणाला. "विचारा."

त्याने मला जेवायला थांबवलं. कॅन्टीनमध्ये भाकरी आणि वाटाण्याची उसळ होती. मी अर्धी भाकरी खाल्ली. चंद्रावती पलीकडच्या बाकावर बसली होती, डबा उघडून, आमच्याकडे बघत. मग गाडीने मला सुकापूरला सोडलं.

घरी येऊन मी विचार केला. तिने काय सांगितलं असतं हे मला माहीत आहे. घे म्हणाली असती. पण ती घे कधीच नुसतं म्हणत नसे. आधी समोरच्याला बसवून तासभर प्रश्न विचारायची, आणि त्या उत्तरांवर ठरवायची. ते प्रश्न मला येत नाहीत. आणि ती आणखी एक म्हणायची, हेही मला आठवतं. घाबरलेल्या माणसाला कर्ज देऊ नये, तो पैसा वापरत नाही, नुसता सांभाळत बसतो. चारुदत्त घाबरलेला आहे हे मी डोळ्यांनी बघितलं. तिने मे महिन्यात ते बघितलं होतं की नाही, मला माहीत नाही. बघून तरी शब्द घेतला असेल. किंवा घाई असेल तिला.

मोकळा आहेस म्हणालो, तर तिने शेवटी जे एक काम अंगावर घेतलं होतं ते मी बंद केलं असं होईल. चंद्रावतीची सून घरीच राहील. घे म्हणालो, आणि त्याचं बुडालं, तर ते जोकबेदच्या नावावर जाईल, आणि ती उत्तर द्यायला नाही.

काल संध्याकाळी निरीतचा फोन आला. काय जेवलात विचारलं. मी सांगितलं. मग तिला हे सगळं सांगितलं, पहिल्यांदाच.

"पप्पा, हे तुमचं काम नाही," ती म्हणाली. "तो मोठा माणूस आहे, त्याचं त्याने ठरवावं."

"तो मला विचारतोय."

"मग सांगा तसं. की तुझं तू ठरव."

तसं सांगता येईल. ते पण उत्तरच आहे. तेही मी त्याला सांगितलेलं नाही.

रिझर्व्ह बँकेचे या महिन्याचे आकडे येतील. ते कुठे बघायचे मला माहीत आहे, तिच्या मोबाईलवर खूण करून ठेवलेली आहे. मोबाईल मी चार्ज करतो. उघडलेला नाही.

आज सकाळी चारुदत्तचा फोन येऊन गेला. मी उचलला, दोघं थोडा वेळ पंख्याबद्दल बोललो, त्याच्या केबिनचा पंखा आवाज करतो. त्याने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

महिनाअखेर याच आठवड्यात आहे. चारुदत्तला उत्तर द्यायचं राहिलं आहे.